सातशे बाइट

केंद्र सरकारच्या नोकराची बदली झाली म्हणजे सरकारी खर्चाने त्याचे किती सामान जावे, हे नियमांनी ठरवून दिलेले आहे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या कोष्टकात चौथ्या वेतनस्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यास दीड हजार किलो, पाचव्या स्तरास तीन हजार आणि त्यावरच्यांस सहा हजार, अशी ही उतरंड आहे. आम्ही सर्वांत खालच्या मडक्यातले. वजन ठरविणारा नियम एका ओळीत संपतो. परंतु त्या दीड हजार किलोंत काय घालावे आणि काय मागे ठेवावे, याविषयी नियमांत किंवा परिपत्रकांत अवाक्षर नाही. तो प्रश्न प्रत्येक बदलीला घरोघर नव्याने सोडवावा लागतो, आणि तो सोडविताना पतिपत्नींत जे बोलणे होते ते कोणत्याही फाइलीत नोंदले जात नाही.

नागपूरहून सिहोऱ्यास येताना आमच्या घरी असे बोलणे पुरणयंत्रावरून झाले. जी वस्तू वर्षातून दोनदा, होळीला आणि पोळ्याला, लागते तिने ट्रंकेतली एवढी जागा अडवू नये, असे आमचे म्हणणे. सौभाग्यवतींचे म्हणणे निराळे होते. "अहो, किती वेळा लागतं हे कशाला मोजता? लागेल तेव्हा दुसऱ्या कशानं भागेल का, ते सांगा." आम्ही चाळणीचे नाव घेतले. "मग होळीला पुरण चाळणीवर तुम्हीच घासा," असे उत्तर आले, आणि पुरणयंत्र ट्रंकेत गेले. पाटा-वरवंटा मात्र मागे राहिला. त्याचे काम करायला मिक्सर होता. हे निवडीचे तत्त्व पुढे आम्हांला एका अगदी वेगळ्या ठिकाणी उपयोगी पडले. त्या ठिकाणाबद्दलच हे लिहावयाचे आहे.

सिहोरा हे जबलपूर-कटनी रस्त्यावरचे तहसिलीचे गाव. रेल्वे स्थानकाचे नाव 'सिहोरा रोड', म्हणजे गाव जरा बाजूला आहे हे पाटीनेच कबूल केलेले. हिवाळ्यात बाजार वाटाण्याच्या गोण्यांनी भरून जातो, उन्हाळ्यात वीज जाते, आणि वर्षभर संध्याकाळी लांब असतात. परगावी नेमणूक झालेल्या माणसाची संध्याकाळ ही काय चीज आहे, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कोणी पत्ते कुटतो, कोणी भजनी मंडळ धरतो, कोणी विभागीय परीक्षेची पुस्तके पुढे ठेवून झोपतो. आम्ही पदवीपर्यंत विज्ञान शिकलो असल्यामुळे एका लहानशा संगणकी डब्याच्या नादी लागलो.

डबा म्हणजे जुना राउटर. जबलपुरात तो वापरलेल्या मालाच्या दुकानातून घेतला. मुठीत मावेल एवढा, अंगच्या कायम स्मृतीचे माप अवघे ८ मेगाबाइट. मात्र त्याला पेनड्राइव्ह जोडता येतो. कल्पना अशी की, घरची जुनी पत्रे, दाखले, आईच्या हातचे पाककृतींचे कागद यांची छायाचित्रे आणि नकला त्या पेनड्राइव्हवर ठेवाव्या आणि बदली होईल तिकडे तो डबा खिशात घालून न्यावा. दीड हजार किलोंत त्याची गणतीच नको. नावे अर्थातच मराठीत दिली. मग लॅपटॉपवरून डब्यात शिरून यादी मागितली, तर 'आईची पत्रे' या नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हे, एक रिकामी जागा आणि पाच प्रश्नचिन्हे उभी. खाली 'नानांचे दाखले', 'लोणची', 'घराची कागदपत्रे'. सगळीकडे प्रश्नचिन्हांची रांग. जणू एखाद्या परीक्षकाने आमचे सारे कुटुंब संशयास्पद ठरविले होते.

चमत्कारिक गोष्ट अशी की, फाइल उघडली तर आत मजकूर जसाच्या तसा. 'प्रिय बाळास अनेक उत्तम आशीर्वाद' येथपासून सर्व काही शाबूत. म्हणजे डब्याने काही खराब केले नव्हते. आतला कागद तो विनातक्रार पुढे करीत होता; फक्त पाकिटावरचे नाव वाचून दाखविण्यास नकार देत होता. हा नकार कोठून येतो, याचा शोध घेणे भाग पडले.

असल्या बहुतेक डब्यांच्या आत लिनक्सची एक लहान आवृत्ती चालत असते. मोठ्या यंत्रावर यादी दाखविणारी 'एलएस', मजकूर दाखविणारी 'कॅट', नक्कल करणारी 'सीपी' अशी प्रत्येक आज्ञा हा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. लहान डब्यास हा थाट परवडत नाही. तेथे बिझीबॉक्स नावाचा एकच प्रोग्रॅम असतो आणि तोच साऱ्या आज्ञांची कामे करतो. त्याला ज्या नावाने हाक मारावी ते काम तो करतो: 'एलएस' म्हणावे तर यादी, 'कॅट' म्हणावे तर वाचन. ज्यांनी लहान गावच्या कार्यालयात नोकरी केली आहे त्यांना हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. तेथे एकच गृहस्थ सकाळी आवक-जावक, दुपारी रोखपाल आणि साहेब दौऱ्यावर असले की कार्यालयप्रमुखही असतो. टेबल एकच, फक्त पुढे ठेवलेला शिक्का बदलतो. मनुष्यबळ वाचते ते असे, आणि बिझीबॉक्समध्ये जागा वाचते तीही अशीच. कारण शंभर आज्ञांना लागणारे सामाईक सामान एकदाच ठेवावे लागते.

हा प्रोग्रॅम ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ साली लिहिला. डेबियन लिनक्स यंत्रावर बसविण्यास लागणारे सारे साहित्य १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत मावावे, एवढाच हेतू होता. पुढे एरिक अँडरसन, रॉब लँडली आणि डेनिस व्लासेन्को यांनी तो क्रमाने सांभाळला आणि वाढविला. फ्लॉप्या गेल्या, बिझीबॉक्स राहिला. तो राउटरांत, टीव्हीच्या पेट्यांत, कॅमेऱ्यांत जाऊन बसला. २०१५ सालापासून अँड्रॉइड फोनांत याच जातीचा टॉयबॉक्स असतो. तो लँडली यांनीच पुढे निराळा लिहिला.

आमच्या डब्यात बिझीबॉक्स होता तो त्या डब्याच्या कंपनीने बांधलेला. 'बांधलेला' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. बिझीबॉक्सचा सोर्स कोड मिळाला की त्यातून प्रोग्रॅम तयार करण्यापूर्वी एक मोठी प्रश्नावली भरावी लागते. कोणत्या आज्ञा हव्यात, प्रत्येक आज्ञेचे कोणते बारकावे हवेत, हे सारे तेथे आधी ठरते. जे ठरले नाही ते तयार प्रोग्रॅममध्ये नसतेच. मागून कितीही विनंत्या केल्या तरी उगवत नाही. हा निर्णय घेणारा एखाद्या कारखान्यात बसलेला असतो आणि ज्याच्या घरी तो डबा जावयाचा त्याचे तोंड त्याने कधी पाहिलेले नसते.

परंतु ही प्रश्नावली आपल्यालाही भरता येते, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट. बिझीबॉक्स ज्या जीपीएल परवान्याखाली दिला जातो त्याची अट अशी की, जो हा प्रोग्रॅम आपल्या मालात घालून विकेल त्याने सोर्स कोडही गिऱ्हाइकास मिळण्याजोगा ठेवावा. ही अट कागदावरच राहू नये म्हणून २००७ साली अँडरसन आणि लँडली यांनी अमेरिकेत मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली. त्यानंतरचे अनेक खटले आणि त्यांतून लँडली यांना आलेला उबग हा निराळा विषय आहे. सिहोऱ्यातल्या एका लिपिकास आपल्या डब्याचे पोट उघडून पाहता आले, एवढे आम्हांस पुरे.

प्रश्नावलीचे नाव मेन्यूकॉन्फिग. निळ्या पडद्यावर एक याद्यांची यादी येते: संग्रह बांधण्या-सोडण्याच्या आज्ञा, मूळ आज्ञा, संपादक, शोध, प्रवेश आणि परवलीचे शब्द, जाळे, शेल आणि आणखी कितीतरी. प्रत्येक आज्ञेपुढे चौकोनी कंस. तारा लावला की आज्ञा आत, काढला की बाहेर. नव्या आवृत्त्यांत नावासमोर तिचे वजनही दिलेले असते: 'एलएस' सुमारे १४ किलोबाइट, 'व्हीआय' हा संपादक २३, आणि आज्ञा ऐकून घेणारा 'ॲश' हा शेल तब्बल ७८. सामानाच्या ट्रकवाल्याने प्रत्येक ट्रंकेवर खडूने वजन लिहून ठेवावे तसे.

आणि सारे ठरल्यावर जी फाइल तयार होते ती तर कोणत्याही जुन्या लिपिकाने डोक्यावर घ्यावी अशी. तीत घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद असतेच. शिवाय न घेतलेल्या गोष्टींचीही, 'अमुक ठेवलेले नाही' अशी, ओळीने नोंद असते. आमच्या वीस-पंचवीस वर्षे जुन्या फाइलींत मंजूर झालेले सापडते. काय नामंजूर केले आणि ते कधी विचारात तरी आले होते की नाही, हे शोधताना पुढच्या माणसाची दृष्टी जाते. येथे वगळणेसुद्धा सहीनिशी होते.

निवडीच्या दोन रीती आहेत. एक, जवळजवळ सर्व काही घेऊन सुरुवात करावयाची आणि नको ते काढीत जावयाचे. असा भरगच्च बिझीबॉक्स सुमारे चारशे आज्ञांचा आणि साधारण एक मेगाबाइटचा होतो. दुसरी, सर्व शून्य करून एकेक तारा लावीत जावयाचे. पहिली रीत घर आवरणाऱ्याची, दुसरी बदलीवर निघालेल्याची. पहिल्या रीतीत प्रत्येक वस्तू हातात धरून 'असू दे, कधी लागेल' असे वाटते आणि शेवटी चारशेंतल्या तीनशे नव्वद राहतात. आम्ही दुसरी धरली. आठ मेगाबाइटांत कर्नल, वायफायची सामग्री, फाइली वाटण्याची सोय हे सर्व बसवून उरेल ती जागा बिझीबॉक्सची. तेव्हा हात आखडता घेणे प्राप्तच होते.

येथे पुरणयंत्राचे तत्त्व कामास आले. किती वेळा लागते, हा प्रश्न विचारला तर पेनड्राइव्ह जोडून घेणारी 'माउंट' ही आज्ञा अगदी खाली जाते. डबा सुरू होताना एकदा, एवढाच तिचा उपयोग. परंतु ती नसेल तर दुसऱ्या कशानेही ते काम होत नाही आणि सारा डबा रिकामा राहतो. उलट पहिल्या दहा ओळी दाखविणारी 'हेड' दिवसातून वीसदा लागते. तरी तीवाचून अडत नाही, कारण 'सेड'ला तेच काम सांगता येते, आणि 'सेड' तर घ्यावीच लागते. आज्ञा कोठे आहे हे सांगणारी 'विच' गाळली, तर शेलच्या पोटातली 'टाइप' तिची जागा घेते. ही पाटा-वरवंट्याची जात.

वेळ लावून घेणारी 'एनटीपीडी' हिचा मान आम्ही सिहोऱ्यात आल्यावर शिकलो. असल्या डब्यांत घड्याळाला बहुधा स्वतंत्र सेल नसतो. वीज गेली आणि आली की डब्याच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडते आणि त्यानंतर लिहिलेल्या फाइलींवर तीच तारीख पडू लागते. ज्या गावी वीज जात नाही त्या गावच्या माणसाने 'एनटीपीडी' गाळली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. गाव पाहून सामान बांधावे लागते. 'टेलनेटडी' मात्र आम्ही वजन न पाहताच बाहेर ठेवली. परवलीचा शब्द उघड्यावर बोलणारा दरवान फुकट मिळाला तरी कशाला हवा?

आता प्रश्नचिन्हांकडे वळू.

देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह आजच्या रूढ पद्धतीने साठविले की तीन बाइट घेते. बिझीबॉक्सला युनिकोड मुळीच कळत नसते तर प्रत्येक चिन्हामागे तीन प्रश्नचिन्हे दिसली असती. आमच्याकडे एकेकच दिसत होते. म्हणजे त्याला चिन्ह ओळखता येत होते. मोजताही येत होते. फक्त दाखविण्याची परवानगी नव्हती. आम्ही प्रश्नावलीत युनिकोडच्या पोटात शिरलो आणि तेथे तो आकडा सापडला: ७६७.

युनिकोडमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला अनुक्रमांक आहे. बिझीबॉक्सच्या प्रश्नावलीत एक रकाना असा आहे की, कितव्या क्रमांकापर्यंतची अक्षरे दाखवावीत. तेथे काही न बदलल्यास ७६७ हा आकडा असतो. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोलिश, तुर्की अशा रोमन लिपीच्या मंडळींची सोय ७६७ च्या आत होऊन जाते. देवनागरीचा प्रदेश २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे. त्यापलीकडचे जे येईल त्याच्या जागी काय लावावे, याचाही शेजारी रकाना आहे. तेथे ६३ हा क्रमांक असतो, आणि ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह.

७६७ हाच आकडा का, याचे कारण प्रश्नावलीच्या मदतपानावर प्रामाणिकपणे दिलेले आहे. यादी स्तंभांत मांडावयाची तर प्रत्येक नावाची रुंदी मोजावी लागते. रोमन अक्षर एका घराचे. परंतु आपल्या 'पत्रे' या शब्दातील हलन्त आणि मात्रा यांना स्वतःची रुंदी नाही. ती दुसऱ्याच्या अंगावर बसणारी चिन्हे. ती मोजण्यास एक निराळे कोष्टक लागते. ७६७ पर्यंत असे एकही चिन्ह येत नाही. म्हणून तेथे थांबले की ते कोष्टक वगळता येते आणि प्रोग्रॅम सुमारे सातशे बाइटांनी हलका होतो.

सातशे बाइट! तीन-तीन बाइटांच्या हिशेबाने त्यांत देवनागरीची दोनशे तेहतीस चिन्हे मावतात. पोस्टकार्डावर खुशालीच्या चार-पाच ओळी होतील. ज्याच्या शेलला ७८ किलोबाइट मंजूर आहेत, ज्यात बुद्धिबळाचा पट सोडून बाकी सर्व काही मिळते, त्या प्रोग्रॅममधून एवढ्या काटकसरीसाठी नावे पुसली जावीत, याचा आम्हांला प्रथम संताप आला. मग तो ओसरला. आकडा ठेवणाऱ्याने तो रकाना उघडा ठेवला होता. वगळल्याची किंमत लिहून ठेवली होती. आणि ज्यांच्या पडद्यांना मात्रा नीट काढता येत नाहीत त्यांच्या स्तंभांचा विचकाही त्याला टाळावयाचा होता. इतकी मोकळी कारणमीमांसा आम्ही आजवर कोणत्याही आदेशाखाली वाचलेली नाही. रोष धरावयाचाच तर तो डबा बांधून देशोदेशी विकणाऱ्याचा. त्याने हा रकाना उघडूनही पाहिला नसावा. भारतात खपवावयाच्या मालात तरी तो उघडावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिंदी मुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना असल्या रकान्याचा अनुभव नवा नाही. काळे यांचे काले होते, पिंपळे यांचे पिंपले. येथील लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. रोजच्या हिंदीत ळ लागत नाही, म्हणून तो त्याच्या हाताच्या मर्यादेपलीकडे असतो, आणि जवळचे अक्षर बसवून तो पुढच्या माणसाकडे वळतो. आपणही पहिल्या वर्षी दुरुस्ती सांगतो, दुसऱ्या वर्षी हसतो, आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच काले म्हणून सही करू लागतो. त्या मानाने प्रश्नचिन्ह बरे. ते निदान 'येथे काही आहे, मला वाचता आले नाही' एवढे तरी सांगते.

युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक २३५५ आहे. (ल च्या लगेच पुढे. म्हणून बिझीबॉक्स यादी क्रमाने लावतो तेव्हा ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या मागे उभा राहत नाही. तो वाद आम्ही पुढच्या बदलीपर्यंत तहकूब ठेवला आहे.)

मदतपानावर ७६७ च्या पुढची शिफारस ४३५१ ही आहे. भारतातल्या चालू लिप्यांपैकी देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम या सर्व तेवढ्यात येतात. आम्ही तो आकडा घातला, बांधणी केली, डब्यात भरली. नाव असे दिसले: 'आईची पत?र?'. च ला लागलेली दीर्घ ई आली, कारण ती स्वतःची जागा घेते. हलन्त आणि मात्रा यांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हे. रुंदी नसलेल्या चिन्हांसाठी आणखी एक तारा निराळा आहे आणि तोही मूळ प्रश्नावलीत रिकामा असतो. तो लावला, पुन्हा बांधणी केली. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास 'आईची पत्रे' हे नाव डब्याने प्रथम उच्चारले. सौभाग्यवतींनी पडद्याकडे पाहून, "एवढ्यासाठी तीन रविवार?" असे विचारले, परंतु खाली 'लोणची' हेही नाव आलेले पाहून त्या जरा वेळ थांबल्या. ते अक्षर त्यांच्या सासूबाईंचे, आणि त्या कागदावरची मोहरी किती घ्यावयाची ते माप त्यांना हवे होते.

यानंतर प्रकरण मिटले असते. मध्यंतरी एका सुटीच्या दिवशी आम्ही रूपनाथास जाऊन आलो. बहोरीबंदजवळचे हे ठिकाण पूर्वी सिहोरा तहसिलीत होते. १९९८ साली कटनी जिल्हा झाला तेव्हापासून तो भाग तिकडे गेला. डोंगराच्या पायथ्याशी राम, लक्ष्मण, सीता यांच्या नावांची कुंडे आहेत आणि जवळच एका शिळेवर अशोकाचा लघुशिलालेख आहे, ब्राह्मी लिपीतला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. तो आपल्यासारख्या नोकरमाणसाने मुद्दाम पाहावा असा आहे; कारण त्याचा शेवट हा शुद्ध कार्यालयीन आदेश आहे. हा मजकूर डोंगरांवर आणि शिळास्तंभांवर कोरवावा, आणि आपल्या हद्दीत सर्वत्र तो घेऊन फिरावे, असे अधिकाऱ्यांस फर्मावले आहे. अखेरीस २५६ ही संख्या येते. प्रवासात काढलेल्या २५६ रात्री, असा अर्थ बहुतेक विद्वान लावतात. त्यांचा प्रवासभत्ता कोणत्या दराने निघाला असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

परतताना दुसराच हिशेब डोक्यात घोळू लागला. ब्राह्मीला युनिकोडमध्ये २०१० साली जागा मिळाली. तिचे क्रमांक ६९६३२ च्या पुढचे. आमच्या डब्याची हद्द ४३५१. ज्या लिपीतून आमची अक्षरे निघाली, आणि जी आमच्याच जुन्या तहसिलीत दगडावर बावीसशे वर्षे टिकली, तिच्यासाठी आम्ही बांधलेल्या डब्यातही प्रश्नचिन्हच होते. तरी आम्ही मनाची समजूत घातली: ब्राह्मीत फाइलीला नाव देतो कोण? तुमच्या गरजेस पुरेल असा लहानात लहान आकडा घ्या, असा मदतपानाचाही सल्ला आहे. कारखान्यात बसलेल्या त्या अनोळखी माणसानेही देवनागरीबद्दल बहुधा इतक्याच सहजपणे हेच म्हटले असेल.

गरज तीन महिन्यांनी टपालाने आली. आमचा पुतण्या पुण्यास मोडी शिकतो. पणजोबांच्या वेळचे घरचे मोडी कागद त्याच्याकडे आहेत. त्यांची छायाचित्रे काढून त्याने पेनड्राइव्ह पाठविला, आणि नव्या विद्येच्या उत्साहात फोल्डरला नाव दिले तेही मोडीत, 'कागद' असे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. क्रमांक ७११६८ पासून. डब्याने चार प्रश्नचिन्हे दाखविली. फोनवर आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, मग देवनागरीत करून देतो ना नाव, त्यात काय!"

"नको, बदलू नकोस," आम्ही म्हटले.

तो मुलगा समजूतदार आहे, त्याने कारण विचारले नाही. नाव बदलणे ही एका क्षणाची गोष्ट होती, हे आम्हांला ठाऊक होते. पण ज्या पणजोबांनी जन्मभर मोडीतच सही केली त्यांच्या गठ्ठ्यावर दुसऱ्या अक्षराची पट्टी चिकटवावयाची, आणि तीही आम्हीच घातलेल्या एका आकड्यापायी, हे हातून होईना.

४३५१ ची मर्यादा ओलांडली तर प्रोग्रॅम आणखी सुमारे तीनशे बाइटांनी वाढतो, असे मदतपान सांगते. ती भर काढण्यास आम्ही 'एलएस'मधला रंगांचा पर्याय काढून टाकला. निळ्या-हिरव्या नावांनी आमचे काही अडत नव्हते. मग त्या रकान्यात ४३५१ खोडून शून्य लिहिले. इतरत्र शून्य म्हणजे काही नाही. त्या एका रकान्यात शून्याचा अर्थ 'हद्द नाही' असा आहे.

बांधणी झाली. डब्याने नाव आडकाठी न करता पुढे पाठविले. आमच्या लॅपटॉपवर मोडीचा टंक नसल्यामुळे प्रश्नचिन्हांच्या जागी आता रिकामे चौकोन दिसतात. पुतण्याने टंक पाठविण्याचे कबूल केले आहे. सिहोऱ्यात परवापासून इंटरनेट बंद आहे, ते सुरू झाले की उतरवून घेऊ.